ध्यान लागत नाही आणि बीपी वाढलंय: काय करावं?

एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६. रोज ठाण्याहून लोकलने फोर्टला नोकरी, घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. गेल्या महिन्यात बीपी १४८/९४ निघालं, गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कमी करा, जरा ध्यान करा." तेव्हापासून रोज रात्री अंथरुणावर बसून मोबाइलवरच्या ॲपने पंधरा मिनिटं प्रयत्न चालू आहे. "पण ध्यान लागतच नाही. डोळे मिटले की विचारांचा नुसता कल्लोळ होतो आणि श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळल्यासारखी होते. माझं मन ध्यानाच्या लायकीचंच नाही का? इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस जाऊन बसू का? आणि हे जमलं तर गोळी बंद होईल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर नुकसान मोठं आहे. गोळी बंद करायची नाही, कमी करायची नाही, आज बरं वाटतंय म्हणून एक दिवस चुकवायचीही नाही. वाढलेल्या रक्तदाबाचा आणि बरं वाटण्याचा काही संबंध नसतो. तो दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा खराब करत राहतो. ध्यानाने दाब उतरतो का? काहींचा उतरतो, थोडासा, मोजक्या अंकांनी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून याविषयी एक निवेदन काढलं होतं. त्याचा सूर असा, की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यानाचा विचार करायला हरकत नाही, पण त्यांच्या जागी नको. पुढे कधी डोस कमी करायचा झालाच तर तो डॉक्टर करतील, तुमच्या बीपीच्या नोंदी बघून.

दुसरी गोष्ट छातीची. श्वासाकडे लक्ष दिल्यावर छाती आवळणं हे नवशिक्यांत मी बऱ्याचदा पाहिलं आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. पण तुमचं बीपी वाढलेलं आहे, म्हणून आधी एवढं करा: ईसीजी झाला नसेल तर करून घ्या आणि ही तक्रार डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. जिना चढताना, गाडी पकडायला धावताना छातीत दाब येत असेल, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, घाम सुटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे ध्यानाचा विषयच नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय, "ध्यान लागत नाही." आपल्या भाषेत या क्रियापदाला फार अर्थ आहे. झोप लागते, भूक लागते, गोडी लागते, तसंच ध्यान लागतं. यातली एकही गोष्ट आपण ठरवून करू शकत नाही. "चल, आता झोप लाव" असं स्वतःला बजावून कोणाला झोप लागली आहे? उलट त्या बजावण्याने ती आणखी पळते. पण झोपेसाठी आपण अंथरूण घालतो, दिवा मालवतो, चादर ओढून घेतो आणि मग स्वस्थ पडून राहतो. एवढंच आपल्या हातात असतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मी नाशिकला २७ वर्षं ध्यान शिकवते आहे आणि आता असंच शिकवते: अंथरूण घालायला शिका. तुम्ही गेला महिनाभर अंथरूण न घालता झोपेशी झटापट करत होतात. यात मनाच्या लायकीचा प्रश्न कुठेच येत नाही.

विचारांच्या कल्लोळाबद्दल. घरातला फ्रिज दिवसभर घुरघुरत असतो, पण तो ऐकू येतो रात्री, बाकीचे आवाज थांबल्यावर. डोळे मिटल्यावर विचार वाढत नाहीत, ते ऐकू यायला लागतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं होतं, की आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामावर आहे का. जवळजवळ निम्म्या वेळा उत्तर "नाही" असं आलं. जागेपणाचा निम्मा वेळ माणसाचं मन दुसरीकडेच असतं. हे तुमचं वैगुण्य नव्हे, सगळ्यांच्या मनाची ही रीत आहे. तुम्ही रात्री साडेदहाला अंथरुणावर बसून जे ऐकलंत, ते सकाळी पावणेआठच्या लोकलमध्येही चाललेलं होतंच.

म्हणून मनाच्या मागे लागू नका. मनाला थेट हात लावता येत नाही. शरीराला लावता येतो, आणि त्यातही श्वास सोडण्याला. हे कसं घडतं ते सांगते, कारण कारण कळलं की विश्वास बसतो. मी लोणावळ्याला कैवल्यधामात शिकले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगाच्या क्रियांनी शरीरात काय होतं हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव येतं. तिथे आम्हाला लागलेली सवय अशी, की गुरुजी सांगतात म्हणून नव्हे, स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून बघा. तुम्हीही बघा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तीन बोटं हलकी ठेवा. नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. तुम्हाला पुसट कळेल. मुलाच्या मनगटावर हाच फरक जास्त स्पष्ट कळेल, कारण कमी वयात तो मोठा असतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची मोठी नस हृदयाला लगाम घालते, घेताना लगाम सैल सोडते. शिवाय मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारे संवेदक असतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की ही यंत्रणा अधिक तल्लखपणे काम करते. एरवी आपले श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात, आणि धावपळीत ते छातीच्या वरच्या भागातच अडकतात.

थोडक्यात, श्वास सोडण्याची वेळ लांबवली की शरीराला कळतं, धोका टळलेला आहे. मन ते शरीराकडून ऐकतं आणि मागाहून निवळतं. क्रम हा असा आहे. मनाला आधी शांत करून मग शरीर सैल होईल, या आशेवर फार लोक वर्षानुवर्षं बसतात.

आता अंथरूण घालण्याचं सांगते, आणि ते बारकाईने सांगते, कारण निम्मं काम इथेच होतं.

पलंगावर बसू नका. गादी दबते, कंबर मागे कलते, पाठीचा बाक होतो आणि पोटाला हलायला जागाच उरत नाही. जमिनीवर बसता येत असेल तर सतरंजीवर बसा आणि एक जाड चादर घडी करून कुल्ल्यांखाली घ्या, मांड्यांखाली नव्हे, फक्त मागच्या भागाखाली. चार-पाच बोटं उंची मिळाली की गुडघे आपोआप खाली जातात आणि कण्याला सरळ राहायला जोर लावावा लागत नाही. गुडघे अधांतरी राहत असतील तर घडी आणखी वाढवा, किंवा दोन्ही गुडघ्यांखाली उशा द्या. हे साधं आहे, पण मी असे साधक पाहिले आहेत जे दहा वर्षं पायांना मुंग्या येण्याशी भांडत होते आणि एका घडी केलेल्या चादरीने ते भांडण मिटलं. जमिनीवर नको असेल तर जेवणाच्या टेबलाची साधी लाकडी खुर्ची घ्या, पुढच्या निम्म्या भागावर बसा, पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. खुर्चीवरचं ध्यान दुय्यम असतं असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

बसल्यावर तीन ठिकाणी जाऊन या. जबडा: वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले असतील तर सोडा, ओठ मिटलेले राहू देत. जीभ: ती टाळूला चिकटून ताठ झालेली असते, तिला सैल पडू द्या. पोट: बायकांना लहानपणापासून पोट आत ओढून धरायची सवय लागते, ती इतकी मुरते की आपण ओढलंय हेच विसरतो. साडीची गाठ किंवा सलवारीची नाडी सैल करा आणि पोटाला पुढे येऊ द्या. तुमच्या छातीच्या आवळण्यामागे निदान थोडा हात या ओढलेल्या पोटाचा असावा असं मला वाटतं. पोटाला वाव नसला की श्वास छातीवर चढतो.

मग श्वास. नाकाने तीन अंक मोजत घ्या, चार किंवा पाच अंक मोजत सोडा. अंक सेकंदाचे नकोत, तुमच्या सोयीच्या लयीचे असू देत. दोन आठवड्यांनी चार आणि सहावर या. सेकंदाच्या हिशेबाने चार आणि सहा म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले, पण घड्याळ लावून तिथे पोचायची घाई करू नका. मधे श्वास रोखायचा नाही. कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं, जोराची भस्त्रिका, भराभर कपालभाती हे सध्या तुमच्यासाठी नाही. टीव्हीवर बघून वाढलेल्या बीपीत हे करणारी माणसं बघून मला खरोखर काळजी वाटते. जांभई आली, उसासा आला तर येऊ द्या, ती चांगली खूण आहे.

साधारण पाच मिनिटं असं मोजून झालं की मोजणं सोडा. श्वास आपला आपण चालू द्या आणि फक्त सोडण्याच्या शेवटी जो बारीकसा थांबा असतो तिथे लक्ष असू द्या. मन पळेल. कुकरची तिसरी शिट्टी झाली का, मुलाची फी भरली का, गीझर चालू राहिला का. पळालं हे ज्या क्षणी लक्षात येतं तो क्षण म्हणजे चूक नव्हे, सगळ्या बैठकीतला तोच कामाचा क्षण आहे. तिथे स्वतःवर चिडायचं नाही. रस्त्यात हात सोडून पळालेल्या लेकराला आपण जसं परत जवळ घेतो, तसं घ्यायचं आणि पुढचा श्वास सोडायचा. बैठक एकूण बारा मिनिटांची पुरे, आणि तेवढ्यात असं तीस वेळा झालं तर तीस वेळा सराव झाला.

आणि तरीही छाती आवळली तर? मग श्वास सोडून द्या, म्हणजे त्याच्याकडे बघणंच सोडा. काही लोकांना आत लक्ष वळवलं की घाबरायला होतं. शरीर बऱ्याच काळापासून सावध राहायला शिकलेलं असतं आणि सैल होणं हाच त्याला धोका वाटतो. डोळे अर्धे उघडा, समोर दोन हातांवर जमिनीवर नजर ठेवा आणि लक्ष तळपायांवर न्या: फरशी गार आहे की कोमट, टाच जास्त टेकली आहे की चवडा. तेही नको वाटलं तर उठा आणि घरातल्या घरात सावकाश चाला, पाऊल उचललं, नेलं, टेकलं. चालतानाही ध्यान लागतं. बौद्ध परंपरेत चंक्रमण म्हणून ते शेकडो वर्षं चालत आलं आहे. छाती मोकळी झाली की पुन्हा बसा, किंवा त्या दिवशी बसू नका.

एसटीत चालक असलेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. झोप नीट लागत नव्हती, आणि गाडी चालवताना स्टिअरिंग इतकं घट्ट धरायचे की संध्याकाळी बोटं उघडत नसत. त्यांना बसणं जमेना. चौथ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मला गप बसवत नाही, मी येतो." मी त्यांना बसायला लावणं थांबवलं. एवढंच सांगितलं, की डेपोतून गाडी काढण्याआधी, किल्ली फिरवायच्या आधी, दोन्ही हात मांडीवर ठेवून पाच वेळा लांब श्वास सोडायचा. प्रत्येक थांब्यावर गाडी उभी राहिली की एकदा. घरी काही करायचं नाही. दीड महिन्याने आले तेव्हा त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट झोपेची नव्हती. म्हणाले, "घाटात मागून कोणी हॉर्न मारला की आधी डोकं सणकायचं, आता कळतं की सणकतंय." पुढे ते स्वतःहून बसायला लागले आणि त्यांचं ध्यान लागलंही. त्यांच्यापासून मी नवीन माणसाला विचारायला शिकले, की दिवसात तुम्ही कुठे कुठे थांबता? तुमच्या बाबतीत ते लोकलची वाट बघणं असेल, ऑफिसात कॉम्प्युटर सुरू होईपर्यंतचा वेळ असेल, दारात चप्पल काढतानाचा क्षण असेल. तिथे एकेक श्वास लांब सोडा. बारा मिनिटांच्या बैठकीइतकंच मी या सुट्या श्वासांना मोल देते.

बैठकीची वेळ बदला. रात्री साडेदहाला तुम्ही थकलेल्या असता, आणि अंथरुणाशी मेंदूने झोपेचं नातं जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे एक तर डुलकी लागते, नाहीतर झोप उडते. सकाळी चहाआधी, मोबाइल हातात घेण्याआधी, बारा मिनिटं काढता आली तर उत्तम. जमत नसेल तर संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुऊन, स्वयंपाकघरात शिरण्याआधी. पहिले काही दिवस दाराबाहेर हाका येतील. घरच्यांना स्पष्ट सांगा, की बारा मिनिटं मी नाही. हे बायकांना ध्यानापेक्षा अवघड जातं हे मला माहीत आहे. जेवणानंतर दोन तास तरी बसू नका. ॲपला माझा विरोध नाही, सुरुवातीला सूचना देणारा आवाज बरा पडतो. पण फोन बाजूच्या खोलीत ठेवून साधा गजर लावून बसलात तर जास्त बरं. सूचना ऐकायची वाट बघण्यात मन बाहेरच राहतं.

तुमच्या पत्रात सासूबाईंबद्दल ओघात एक वाक्य आहे, की त्या रोज माळ घेऊन बसतात आणि त्यांचं मात्र छान लागतं. त्यांच्याजवळ बसून एकदा त्यांचा श्वास बघा. २००१ मध्ये एका इटालियन डॉक्टरच्या चमूने २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून आवे मारिया ही ख्रिस्ती जपमाळेवरची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हीत त्यांचे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आले आणि हृदयाची लयही सुधारली. कोणी त्यांना श्वास मोजायला सांगितलं नव्हतं. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण म्हणण्याची लांबी श्वासाला सावकाश करते. तुम्हाला अंक मोजणं रुक्ष वाटत असेल तर श्वास सोडताना मनात नाम घ्या, 'राम कृष्ण हरी' घ्या, जे लहानपणापासून कानावर असेल ते घ्या. फक्त भराभर संख्या उरकायची नाही. देवावर श्रद्धा नसेल तर 'म'चा गुंजारव करा: ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. भ्रामरी ती हीच. गुणगुणताना श्वास लांबतोच, आणि विचारांना त्या आवाजात फारशी जागा राहत नाही. लोकांना कुठून सुरुवात करू असा प्रश्न पडला की मी सध्या भ्रामरीच सुचवते.

इगतपुरीचं. धम्मगिरीवर, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्रात, मी पहिल्यांदा १९९८ मध्ये गेले आणि त्या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं होत आहेत. आजही तिथे राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पण दहा दिवस म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पहाटे चारला घंटा. दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. बोलणं नाही, खुणा नाहीत, फोन नाही, वाचन नाही. जेवण सकाळी अकराला, नंतर नवीन साधकाला संध्याकाळी चहा आणि फळं. पहिले तीन दिवस नुसती आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे अंगभर उमटणाऱ्या संवेदना नुसत्या बघत राहणं, आणि त्यानंतर रोज तीन वेळा तासभर अजिबात न हलता बसायचं. माझ्या उजव्या गुडघ्यात आणि कमरेत पाचव्या दिवशी जी कळ होती, ती मला अजून आठवते. आणि ती कळ बघता बघता विरघळली तेही आठवतं. तो अनुभव मोठा होता.

घरी आल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं असं ठरवून आले. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती दारातून डोकावली, "आई" म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शांत व्हायला बसलेल्या बाईचा आवाज घरात सगळ्यात चढा असायचा. तीन आठवड्यांत बसणं सुटलं आणि वर्षभर मी त्या वाटेला गेले नाही. पाया नसताना एकदम मोठी इमारत उभी केली होती. पुन्हा सुरू केलं ते पंधरा मिनिटांपासून, मुलगी मांडीवर येऊन बसली तर बसू देऊन. त्यानंतर आजवर ते सुटलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सल्ला: जरूर जा, पण आत्ता नको. चार महिने रोज घरी बसा, बीपी स्थिरावू द्या, मुलाची दहावी होऊ द्या. जाताना गोळ्या बरोबर न्या आणि अर्जात आजार, औषधं सगळं खरं लिहा. लपवून जाणाऱ्यांचा मला राग येत नाही, भीती वाटते.

हे फक्त तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या इतरांसाठीही आहे: ज्यांना पूर्वी कधी भास झाले आहेत, भ्रम झाले आहेत, बायपोलरचा त्रास आहे, खोल नैराश्य आहे, किंवा ज्यांच्यावर काही भयंकर गुदरलेलं अजून ताजं आहे, त्यांनी लांब मौन शिबिर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये. तासन्‌तास एकटं आत बघणं प्रत्येक मनाला पेलतंच असं नाही. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर ध्यानाला बसू नका, माणसाशी बोला. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मग ध्यानाने मिळतं तरी काय? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसं एकत्र करून पाहिली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला, की फायदा होतो, पण बेताचा. व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस आहे असं काही दिसलं नाही. २०२२ च्या अखेरीस आणखी एक अभ्यास आला. चिंताविकार असलेल्या २७६ जणांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग दिला, निम्म्यांना एसिटालोप्राम हे नेहमीचं औषध. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा सारखीच होती. तो वर्ग म्हणजे जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात सुरू केलेला अभ्यासक्रम, आणि त्यात रोज जवळपास पाऊण तास घरी सराव असतो. हे लक्षात ठेवा, कारण "पाच मिनिटांत तणावमुक्ती" असं म्हणणारे याच अभ्यासांचा दाखला देतात. मधुमेह, कर्करोग ध्यानाने बरे होतात असं सांगणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका.

बीपीपुरतं बोलायचं तर मीठ कमी करणं आणि रोज अर्धा तास भरभर चालणं यांचा आधार ध्यानापेक्षा भक्कम आहे. पापड, लोणचं, फरसाण, बेकरीचं खाणं, यांत मीठ लपलेलं असतं. घोरणं असेल, सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडतो का ते तपासा, त्यानेही बीपी चढतं आणि मन दिवसभर सैरभैर राहतं. पंचेचाळिशीनंतर पाळी बदलते, तेव्हाही धडधड, घाम, रात्रीची जाग हे सगळं येतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा बघून घ्या. मन अशांत आहे असं म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ निघालं आहे.

प्रगती कशी ओळखायची? बैठकीत किती शांत वाटलं यावरून नाही. तो हिशेब रोज वेगळा येतो आणि निराश करतो. बाहेर बघा. ज्या बोलण्यावर पूर्वी संध्याकाळपर्यंत मन धुमसायचं, ते आता कितीत निवतं? मुलाच्या मार्कांवरून आवाज चढला, तर तो चढतोय हे मधेच कळलं का? खांदे कानाशी गेलेत हे लोकलमध्ये कधी जाणवलं का? असं महिन्यातून दोनदा जरी झालं तरी काम चालू आहे. ज्ञानदेवांनी मनाची एक चांगली खोड सांगितली आहे, की त्याला एखाद्या ठिकाणची गोडी कळली की ते तिथेच जायला सोकावतं. ती गोडी पहिल्या महिन्यात लागणार नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कधीतरी लागते, आणि बहुधा ज्या दिवशी काहीच अपेक्षा नसते त्या दिवशी.

शेवटी बीपी मोजण्याचं, कारण इथे चांगली माणसंही फसतात. ध्यानातून उठल्या उठल्या मोजू नका. तेव्हा आकडा बहुधा कमी येतो, त्यावर भरवसा ठेवून लोक गोळी सोडतात. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा, गोळी आणि बैठक या तिन्हींच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. संध्याकाळी पुन्हा तसंच. दोन्ही आकडे वहीत लिहा, आवडले नाहीत तरी लिहा. शेजारी एक रकाना करा: आज बसले की नाही, एवढंच, कसं लागलं ते नको. आठ आठवड्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काय म्हणाले ते मलाही कळवा.